चतुःसीमेतला महारवाडा

१

मी हिंगोलीत प्लॉट आणि शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीतला मध्यस्थ आहे. कागदावर मध्यस्थ, लोकांच्या तोंडी दलाल. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी मी या धंद्यात शिरलो. दलालाने इतिहासावर लिहावे हे काही वाचकांना खटकेल. या धंद्याचे सत्याशी फारसे सख्य नसते, हेही मला मान्य आहे. पण ज्या कागदांवर माझे पोट चालते त्या कागदांत गावाचा इतिहास लिहिलेला आहे, आणि तो आपल्या लेखक-अभ्यासकांच्या हाती फारसा आलेला नाही, असे मला वाटते. म्हणून हा प्रपंच.

खरेदीखतात एक कलम असते. त्याला चतुःसीमा म्हणतात. विकली जाणारी मिळकत नेमकी कोणती हे कळावे म्हणून तिच्या चारी दिशांना काय आहे ते लिहितात. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचे शेत. गिऱ्हाईक हे कलम सहसा वाचत नाही. दलालाला मात्र ते वाचावे लागते, कारण भांडण उभे राहते ते तिथूनच.

आमच्या भागातले जुने कागद निजामाच्या राज्यातले, उर्दूतले. ते मी एका म्हाताऱ्या मुस्लिम गृहस्थांकडून वाचून घेत असे. ते बोट ठेवून वाचायचे, मी मराठीत लिहून घ्यायचो. गावालगतच्या शेताचा कागद असला की एक शब्द वारंवार यायचा. पूर्वेस महारवाडा. पहिल्यांदा मी तो शब्द नुसता उतरवून घेतला. पाच-सात वेळा उतरवल्यावर मनात प्रश्न उभा राहिला. या महारवाड्याचा स्वतःचा कागद कुठे आहे? त्याची चतुःसीमा कुणी लिहिली आहे काय? मी शोधला. माझ्या हाताखालून गेलेल्या कागदांत तो मला एकदाही सापडला नाही.

दुसऱ्याच्या मालकीची हद्द दाखवायला आमची घरे शेकडो वर्षे उपयोगी पडली. आमची मालकी दाखवायला मात्र कुणी हद्द नोंदवली नाही. या लेखात मला एवढीच गोष्ट मांडायची आहे. ती जुनी आहे असे कुणी समजू नये. ती आजही चालू आहे, आणि त्यात माझाही हात लागलेला आहे.

२

'गाव तेथे महारवाडा' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ती आपण हिणवणूक म्हणून ऐकली. पण ती गावाच्या रचनेचे वर्णनही आहे. महारवाडा गावाच्या बहुधा पूर्वेला असतो. आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये आणि गावाची घाण वाहून आली तर आमच्याकडे यावी, अशी ही व्यवस्था असल्याचे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. वाऱ्याचीही वाटणी करणारी ही नगररचना कोणत्या शास्त्रात बसते, हे आमच्या वास्तुशास्त्रवाल्यांनी सांगावे.

यातली आणखी एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावाच्या शिवेचा जाणकार महार होता. दोन गावांत किंवा दोन शेतांत हद्दीचा वाद लागला की महाराला बोलावत आणि त्याची साक्ष मोलाची मानत. शिवेवरचा दगड कुठे होता, ओढ्याने पात्र कधी बदलले, बांध कुणी सरकवला, हे त्याला ठाऊक असे. येसकर म्हणून वेशीवर राखण करणारा तोच, आणि सरकारी खजिना व टपाल पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत पोचवणाराही तोच. साऱ्या गावाची हद्द ज्याच्या डोक्यात होती त्याच्या झोपडीला मात्र हद्द नव्हती. तो राहत होता ती जागा वतनाच्या सेवेची होती, मालकीची नव्हती. सेवा संपली की जागेचा आधार संपला.

आमच्या जिल्ह्याला संतांचा वारसा सांगतात. नरसी हे नामदेवांचे गाव, औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले अशी परंपरा आहे. याच नामदेवांशी चोखामेळ्याच्या मृत्यूची कथा जोडलेली आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीला धरलेल्या माणसांत चोखोबा होते. भिंत ढासळली आणि त्याखाली ते गेले. ते साल १३३८ चे मानतात. नामदेवांनी जाऊन अस्थी गोळा केल्या आणि पंढरपुरात देवळाच्या पायरीशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. भक्तिभावाने सांगितल्या जाणाऱ्या या कथेकडे मी दलालाच्या नजरेने पाहतो तेव्हा मला वेगळेच दिसते. ज्या भिंतीने त्याला बाहेर ठेवले ती भिंत बांधतानाच तो मेला, आणि मेल्यावरही त्याला जागा मिळाली ती उंबऱ्याच्या बाहेर.

३

घराच्या प्रश्नाचे खरे स्वरूप पहिल्यांदा ओळखले ते बाबासाहेबांनी, कारण त्यांनी ते भोगले होते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानात नोकरीला गेला. त्याला शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. ओळख फुटल्यावर लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने घरात घेतले नाही, ख्रिस्ती मित्रानेही टाळले. बडोद्याच्या बागेत गाडीची वाट पाहत ते बसून राहिले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकलेल्या माणसाकडे पैसा, पद, ज्ञान सगळे होते. शेजार मिळाला नाही. पुढे १९३४ साली आमच्याच मराठवाड्यात दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अपमान सोसावा लागला. त्याच दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' उभे केले. त्यात माणसांइतकीच पुस्तकांसाठी जागा होती. ते घर आपण नुसते वंदनाचे स्थळ मानतो. ते बडोद्याला दिलेले उत्तरही होते, हे आपण विसरतो.

एका माणसाचे घर झाले म्हणून प्रश्न सुटत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवण्याची मागणी झाली. १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी त्यासाठी वसाहत आयोग मागितला. सरकारी पडीक जमिनीवर नव्या वसाहती उभ्या कराव्यात, असा तो विचार होता. अनेकांनी त्याला फुटीर म्हटले. आजही आपल्यातले काही शिकलेले लोक तो भाग वाचताना अवघडतात. माझे म्हणणे असे की त्या मागणीत वेगळे राहण्याची हौस नव्हती. वेगळे तर आम्ही होतोच, हजार वर्षे. त्यांना हवे होते ते असे गाव, जिथे आमची चतुःसीमा आमच्या नावाने लिहिली जाईल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवाला जे परखड उत्तर दिले त्याची मुळे याच विचारात आहेत. घटनेत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आले. वसाहत आयोग आला नाही.

४

१७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची राजवट गेली. १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा आला. कसणाऱ्या कुळाला त्याने संरक्षण दिले, ही मोठी गोष्ट होती. पण आमची बहुतेक माणसे कूळ नव्हती, सालगडी होती. सालगड्याचे नाव कुळाच्या रकान्यात चढत नाही. १९५४-५५ ची खासरा पाहणी ही मराठवाड्यातल्या जमिनीच्या हक्कांची पायाभूत नोंद मानतात. आजही वाद लागला की वकील प्रथम खासरा मागतो. त्या खासऱ्यात ज्यांची नावे चढली ते जमीनदार झाले. ज्यांची राहिली ते राहिलेच. हाडोळ्याच्या आणि इनामाच्या ज्या थोड्या जमिनी आमच्याकडे होत्या त्यांतल्या कित्येक, परवानगीशिवाय विकता येत नाहीत असा कायदा असताना, साध्या कागदावर अंगठा घेऊन दुसऱ्याच्या वहिवाटीत गेल्या. अंगठा देणाऱ्याला आपण उसने घेतले असे वाटत होते, घेणाऱ्याच्या लेखी ती विक्री होती.

आपल्या चळवळीने जमिनीचा प्रश्न सोडला नव्हता. १९५३ साली मराठवाड्यात गायरानाच्या जमिनीसाठी सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये आणि पुढे १९६४-६५ च्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली बायकामुले तुरुंगात गेली. आज गावोगाव गायरानावर जी घरे आणि जे तुकडे दिसतात त्यांच्यामागे हा इतिहास आहे. सातबारावर त्याला अतिक्रमण म्हणतात. चळवळीच्या भाषेत तो हक्क आहे. या दोन शब्दांतले अंतर पन्नास-साठ वर्षांत मिटलेले नाही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर महारवाड्यांची नावे बदलली. भीमनगर आले, सिद्धार्थनगर आले, राहुलनगर आले. हे नामांतर आम्ही स्वतः केले. त्याला कुणाच्या ठरावाची गरज लागली नाही. पण विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना ठार केले. परभणी, नांदेड आणि इतर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत दलितांची घरे जाळली.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमचे गाव आज हिंगोली जिल्ह्यात येते. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्या गावात आजही आमची माणसे राहतात. त्या रात्री माय आम्हा तिघा भावंडांना घेऊन एका मराठा शेतकऱ्याच्या आखाड्यावर लपली. त्या माणसाने आम्हाला भाकरी दिली आणि दिवा लावू दिला नाही. सकाळी बा परत आला तेव्हा त्याच्या धोतराला धुराचा वास येत होता. आमच्या आळीतली सात घरे जळाली होती. त्यांत आमचे एक होते.

पुढे पंचनाम्याला साहेब आला. त्याने बाला विचारले, "घर तुझं कशावरून?" बा म्हणाला, "साहेब, ही राख हाय की." साहेबाने घरपट्टीची पावती मागितली. ती पत्र्याच्या पेटीत होती आणि पेटी जळाली होती. गावठाणात नाव आहे काय, असे त्याने विचारले. आमची आळी गावठाणाच्या बाहेर होती. शेवटी दोन पंचांच्या सांगण्यावरून त्याने काहीतरी लिहिले आणि तो गेला. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या छापील कागदावर मालकाचे नाव लिहायला रकाना होता, आणि तो भरायला त्याला पुरावा हवा होता. घर जाळणाऱ्यांना मात्र ते घर कुणाचे हे शोधायला कोणताही कागद लागला नव्हता.

त्या वर्षी आम्ही हिंगोलीला आलो. बा मोंढ्यावर हमाली करू लागला. आमच्यासारखी अनेक कुटुंबे तालुक्याच्या गावी आली. शहरातल्या वस्त्या नुसत्या रोजगाराच्या ओढीने वाढल्या असे अर्थशास्त्राचे लोक लिहितात. १९७२ च्या दुष्काळाने माणसे हलवली हे खरेच. पण १९७८ च्या भीतीने हललेली माणसे कोणत्या आकडेवारीत मोजली? १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या दिवशी मोंढ्यावर पेढे वाटून बा घरी आला आणि म्हणाला, "नाव तर मिळालं. आता घराचा कागद बघ." पाच वर्षांनी मी कागदांच्याच धंद्यात आलो.

५

जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, आणि ज्या शेताचा भाव एकरावर बोलत होते तो चौरस फुटावर आला. २००८ मध्ये पूर्णा-अकोला रेल्वे रुंद झाली. अकोला-नांदेड रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. हळदीचे पैसे वसमत-हिंगोलीत प्लॉटमध्ये गुंतू लागले. औंढ्याजवळ दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळेला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली, तेव्हा त्या बाजूच्या माळरानांचीही चौकशी सुरू झाली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी थरथर मोजणारे यंत्र आमच्या जिल्ह्यात बसते आहे. त्याच जिल्ह्यात प्लॉट पाहायला आलेला माणूस गाडीतून उतरताच पहिला प्रश्न विचारतो, "आजूबाजूला कोण-कोण हाय?"

पाणी आहे काय, रस्ता किती फुटी, एन.ए. झाला आहे काय, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न शेजाराचा. हा प्रश्न सरळ जातीचे नाव घेऊन कुणी विचारत नाही. 'वातावरण कसं आहे', 'आपल्या लोकांचं लेआउट आहे ना', 'मटण-मच्छीवाले नाहीत ना' अशा भाषेत तो येतो. खोली भाड्याने देणारा आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतो, आणि गावावरूनही कळले नाही तर गावात घर कोणत्या बाजूला हे विचारतो. वारा अजून पूर्वेकडेच वाहतो आहे. हाच प्रश्न मुसलमान गिऱ्हाइकाबद्दलही असतो, आणि हल्ली तो अधिक उघडपणे असतो.

आता मी माझ्या हातून घडलेले सांगतो. महामार्गाच्या बाजूच्या एका लेआउटचे काम माझ्याकडे होते. जमीनमालकाने पहिल्याच दिवशी सांगितले, "तू हुशार आहेस, तुला काय सांगायचं. आपलं लेआउट साफ ठेवायचं." तो मला माझी जात ठाऊक असून हे सांगत होता. त्याला विकत घेणारा मी चालत नव्हतो, विकून देणारा चालत होतो. एका रविवारी आपल्यातलेच एक गुरुजी पत्नीला घेऊन आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, कर्ज मंजूर झालेले. त्यांच्या पत्नीने चुन्याच्या रेघांनी आखलेला कोपऱ्याचा प्लॉट पाहिला आणि स्वयंपाकघर कुठे येईल ते पावलांनी मोजले. मी म्हणालो, "गुरुजी, त्याचा इसार झालाय." गुरुजींनी दुसरा दाखवायला सांगितले. मी म्हणालो, त्याचाही झाला आहे. ते 'जय भीम' म्हणून निघून गेले. पुढच्या आठवड्यात तो कोपऱ्याचा प्लॉट विकला गेला आणि माझे दोन टक्के मला मिळाले.

काही वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि खरे सांगितले. गुरुजी म्हणाले, "दादा, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी फक्त हिला सांगितलं नाही." त्यांच्या पत्नी आत चहा करत होत्या. मी चहा घेतला आणि आलो. याहून अधिक काही घडले नाही. पण बाच्या पंचनाम्यातला साहेब आणि मी यांत कोण अधिक दोषी, याचा हिशेब मी अजून करतो आहे. साहेबाने रकाना रिकामा ठेवला होता. मी तो भरायलाच येऊ दिला नाही.

आपल्यातले लोकही या रोगातून सुटलेले नाहीत, हे लिहिल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. बौद्ध कुटुंबाला प्लॉट दाखवताना 'शेजारी मातंग तर नाहीत ना' हा प्रश्न मी ऐकला आहे. बंजाऱ्यांच्या तांड्याकडची आणि कळमनुरीकडच्या आंध आदिवासींच्या वाडीकडची जागा 'लांब पडते' म्हणून आपली माणसे नाकारतात. बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर लावून हा प्रश्न विचारणे कोणत्या धम्मात बसते?

आपल्या पिढीतल्या लेखकांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याशी नाते जोडले. माझ्या धंद्यातही ते नाते आहे. तिथे घरांच्या खरेदीखतातच लिहीत असत की ही मिळकत काळ्या माणसाला विकायची नाही. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असे करार न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्यातच, एप्रिल १९६८ मध्ये, घरविक्रीत आणि भाड्यात भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. त्यांचा भेद कागदावर होता म्हणून तो न्यायालयात नेता आला. आपला भेद दलालाच्या जिभेवर आहे, तो पुराव्याला कसा लावणार? आणि जिथे तो कागदावर आला तिथे काय झाले? अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा नियम वैध मानला. बडोद्याच्या धर्मशाळेतून बाबासाहेबांना बाहेर काढले त्याला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती.

६

आता कार्यकर्त्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी लिहितो. आपल्याकडे घोषणा पुष्कळ आहेत, कागद कमी आहेत.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ म्हणजे मालकीचा पुरावा, असा आपल्या वस्त्यांत सर्वत्र समज आहे. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. तो जरूर असावा, जपावा. बाकडे नव्हता तेव्हा काय झाले ते वर लिहिलेच आहे. पण त्यावर थांबू नये. गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आपली वस्ती त्या हद्दीत घ्यावी म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि पाठपुरावा हे काम मोर्च्याइतकेच महत्त्वाचे आहे.

गायरानाचे तसेच. अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. कित्येक प्रकरणे पुराव्याअभावी पडून राहिली. पुरावा म्हणजे काय? तलाठ्याकडची अतिक्रमणाची १-ई नोंदवही आणि दंड भरल्याच्या पावत्या. आपल्या माणसांनी त्या पावत्या लाजेने फेकून दिल्या. ज्या कागदाने आपल्याला गुन्हेगार ठरवले त्याच कागदाने आपला ताबा सिद्ध होतो, हे त्यांना कुणी सांगितले नाही. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, त्याआधारे महाराष्ट्रानेही निर्णय काढला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. पण त्या जगपालसिंग निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय अधिसूचनेने पट्टा दिला असेल तर अपवाद होऊ शकतो असे म्हटले आहे. हे वाक्य गावात कुणी वाचून दाखवत नाही. ते वाचून दाखवण्याचे काम शिक्षकांनी करावे.

घरकुल योजनांचे अनुदान बांधकामाला मिळते. जागा स्वतःची दाखवावी लागते. ज्याला जागाच नाही तो यादीत नाव येऊनही बाहेर राहतो. जागा खरेदीसाठी अर्थसहाय्याची योजना २०१५ पासून आहे. तिची मर्यादा आधी ५०,००० रुपये होती, पुढे एक लाखापर्यंत वाढवली. पण पैसा असला तरी विकणारा हवा, आणि विकणाऱ्याचा पहिला प्रश्न काय असतो ते मी वर सांगितले आहे.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरोघर मिळकत पत्रिका द्यायची, असे तिचे स्वरूप. ड्रोनला जात कळत नाही हे खरे. पण ज्या हद्दीच्या आत तो मोजतो ती हद्द माणसांनी आखली आहे. वस्ती हद्दीबाहेर राहिली तर नव्या पत्रिकांच्या चतुःसीमेतही आपण पुन्हा शेजारच्याची सीमा म्हणूनच उरू. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. नाव बदलले की नकाशावरची जागाही बदलते, असे मात्र कुणी समजू नये. मोजणी होताना वस्तीतले दोन शिकलेले तरुण हजर पाहिजेत, हरकतीची मुदत त्यांना ठाऊक पाहिजे, आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावून घेतले पाहिजे. बाईचे नाव नसलेला कागद हा अर्धाच कागद आहे. दारू आणि कर्ज यांत गेलेली घरे मी पाहिली आहेत. त्या खरेदीखतांवर सही एकाची होती आणि बाहेर पडलेली माणसे पाच होती.

विद्यार्थ्यांना एक विनंती. दलित आत्मकथनांनी आपल्याला वस्तीचे जगणे दाखवले. आता वस्तीचे दफ्तर उघडा. आपल्या गावच्या जुन्या कागदांत चतुःसीमेचे कलम वाचा. महारवाडा, मांगवाडा, चांभारआळी कुणाच्या कोणत्या बाजूला लिहिली आहे ते टिपून घ्या. त्यावरून वस्ती केव्हापासून कुठे होती, कधी सरकली, तिची जागा कुणाच्या शेतात गेली, हे कळेल. उर्दू वाचणारी म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत. माझ्यासाठी कागद वाचणारे ते गृहस्थ वारले. त्यांच्यानंतर आणलेले काही कागद माझ्या कपाटात अजून न वाचलेले पडून आहेत.

मी घर बांधले तेव्हा नोंदणी करून आलो आणि खरेदीखत मायला वाचून दाखवले. तिला अक्षरओळख नव्हती. चारी दिशा ऐकून ती म्हणाली, "हे समदे शेजारी झाले. आपण कुठं हाव यात?" मी तिचे बोट धरून 'लिहून घेणार' या शब्दांपुढच्या तिच्या नावावर ठेवले. तिने ते बराच वेळ तिथेच ठेवले. प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक मायचे बोट असे स्वतःच्या नावावर ठेवता येईल, एवढे काम आपल्या हातून झाले पाहिजे. माझ्या धंद्यातल्या माणसाने या कामी काय करायचे तेही स्पष्ट आहे. "आजूबाजूला कोण-कोण हाय?" असे विचारणाऱ्याला मी आता सांगतो, माणसे आहेत, बघायचे तर बघा. काही गिऱ्हाइके त्यावर गाडीत बसून परत जातात. त्यांचे दोन टक्के बुडतात.